इमामबीला आलेली शेवटची भाषा

इमामबीला किती भाषा येत हुत्या ते मला इचारू नगा. मी कवा मोजल्या न्हाईत, तिनंबी मोजल्या न्हाईत. आता लोकं सांगत्यात, केडगावची मनियारीन बारा भाषा बोलायची. कुनी म्हनतं अठरा. सांगनाऱ्याच्या बापाचं काय जातं? ज्यानं तिला येकदाबी बघितलं न्हाई त्योच जास्ती सांगतो. मी तिच्या भिताडाला भिताड लावून ऱ्हायलेली बाई हाय. म्हनून मी सांगते ते ऐका, आन मधी मधी बोलू नगा.

मी गोजरबाई. मळ्यातली मेथी-कोथिंबीर डोक्यावर घिऊन नगरच्या बाजाराला जायचे. इमामबी बांगड्यांचं ओझं घिऊन माझ्यासंगं निघायची. तिचा नवरा खाजाभाई पटकीच्या साथीत गेला, तवा बानू रांगत हुती. त्या दिसापासून घरात मायलेकी दोगीच. बानूला आईबिगर कुनी न्हाई आन आईला बानूबिगर कुनी न्हाई.

मनियारनीचं काम दिसतं तेवढं सोपं न्हाई. बांगडी भरायला बसलेल्या बाईचा हात आखडलेला असतो. दाबलं की दुखतं, काच रुतंल म्हनून भ्या वाटतं, आन भ्यालं की हात आनखी ताठतो. मंग मनियारीन बोटं गोळा करती, अंगठ्याच्या मुळाशी चेपती आन बोलत ऱ्हाती. पोरंबाळं किती, माहेर कुठलं, सासू कशी हाय. बोलता बोलता हात सैल पडला की बांगडी आपसूक मनगटावर सरकती. सगळ्याच मनियारनी बोलत्यात, पन इमामबी ज्या त्या बाईच्या माहेरच्या भाषेत बोलायची. माहेरची बोली कानावर पडली की कसलाबी हात सैल पडतो, असं ती म्हनायची.

पद्मसाळ्यांच्या, तेलंगी इनकरांच्या आळीत ती तेलगू बोलायची. मारवाडी गल्लीत मारवाडी, वडारांच्या पालावर वडारी, लष्करातल्या शिपायांच्या बायकांसंगं पंजाबी. घरात बानूसंगं त्यांची दखनी आन माझ्यासंगं माझ्यापरीस झ्याक मराठी. लढाईच्या सालात नगरला कुठकुठल्या मुलखाच्या पलटनी आल्या. आन पलटन आली की चार-दोन बायका येनारच, बायका आल्या की बांगड्या आल्याच. सकाळी येक बोली कानावर पडायची आन दुपारपत्तूर इमामबी त्या बोलीत भांडायला लागायची.

येकदा मी तिला रस्त्यातच इचारलं, “अगं, शाळंचं तोंड बघितलं न्हाईस, मंग ह्ये शिकतीस कवा?”

“शिकत न्हाई गं. हात हातात घेतला की यिऊन बसती. भाषा तोंडात न्हाई, हातात ऱ्हाती.”

मी म्हनलं, वा गं शहानी. माझ्या सासूचे पाय मी रोज चेपते, तिच्या मनातलं मला अजून कळलं न्हाई. ती हसली. तिचं हसनं लई गोड हुतं, म्हनून मी तिची चेष्टा करायचे.

सुरवातीला मलाबी गंमतच वाटायची. वडारनी तिला इचारायच्या, तू कुठल्या पालावरची? मारवाडनी म्हनायच्या, तुझं गाव जोधपूरकडचं का? पन हळूहळू मला येक गोष्ट खुपाय लागली. भाषा बदलली की इमामबीचा आवाज बदलायचा. येका बाईसंगं घोगरा, दुसरीसंगं नाजूक. ऐकनाऱ्याला वाटावं आत भलतीच बाई बसलीया.

त्यातलं येक मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पद्मसाळ्यांच्या आळीत नरसम्मा म्हनून येक बाई हुती. तिच्या सुनंला बांगड्या भरायला इमामबी आत बसली हुती आन मी भाईर ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत हुते. नरसम्मा पान्याची घागर घिऊन आली आन दारातच थांबली. तिनं मला हळूच इचारलं, “आत कोन हाय?”

“इमामबी हाय. दुसरं कोन असनार?”

“न्हाई,” ती म्हनली. “आत माझी बहीन हाय.”

तिची बहीन गेल्या उन्हाळ्यात बाळंतपनात मेली हुती. सातव्या महिन्याच्या हिरव्या बांगड्या तिला इमामबीनंच भरल्या हुत्या. नरसम्मा घागर घिऊन तशीच आत गेली आन तेलगूत काय तरी बोलली. इमामबीनं मान वर न करता तिला उत्तर दिलं. नरसम्मा मटकन खाली बसली, घागर लवंडली, पानी सगळं चुलीत गेलं. परत येताना मी इचारलं, “काय बोललीस तिला?” तर इमामबी माझ्याकडंच बघाय लागली. “कुनाला?” म्हनली. तिला कायबी ठावं न्हवतं. मला रागच आला, कारन रागावल्याबिगर मला भ्या दाबता येत न्हाई.

त्याच्या फुडं नरसम्मा दर बाजाराला बांगड्या भरायला बसायची. कोपरापत्तूर हात भरला तरी यायची. जुन्या बांगड्या वाढवायची आन नव्या भरून घ्यायची. मला तिची कीव यायची, पन मी इमामबीला म्हनलं, तू त्या आळीला जाऊ नगं. ती म्हनली, “हात फुडं केला की न्हाई कसं म्हनू?”

घरी आल्यावरबी इमामबीला परत यायला येळ लागाय लागला. मारवाड्यांकडनं आली की मारवाडनीसारखा पदर वढायची, शेळीसंगं मारवाडी बोलायची. बानू मोठी शहानी पोर. ती दारात उभी ऱ्हायची, आईला आत न घेता म्हनायची, “अम्मी, घर आया.” इमामबी डोळे मिटायची, अंग झाडायची आन म्हनायची, “हौ बेटा.” मंग ती आमची इमामबी. पैले येका हाकंत व्हायचं. फुडं बानूला दोन-दोन, तीन-तीन येळा म्हनावं लागाय लागलं. बानूचं लगीन शेवगावच्या अलीमसंगं ठरलं हुतं, त्यो शिंपी. बानू माझ्याजवळ रडायची, म्हनायची, “मावशी, मी सासरी गेल्यावर अम्मीला घरात कोन घिईल?” मी तिला म्हनायचे, आधी तुझी भाकर करपाया लागलीया ती बघ.

देश मोकळा झाला त्याच्या फुडल्या सालची गोष्ट. लांबच्या मुलखातनं घरदार सोडून आलेली मानसं नगरच्या भाईर बराकीत ठिवली हुती. सिंधी, पंजाबी, आनखी कुठली कुठली. विजयमालाबाई म्हनून नगरच्या येक शिकलेल्या बाई तितं कपडं-धान्य वाटायच्या. त्यांच्या मनात आलं, या बायकांचे हात मोकळे हायत, यांना बांगड्या भराव्यात. त्यांनी इमामबीला सांगावा धाडला. मी तिला म्हनलं, “नगं जाऊस. ती मानसं काय भोगून आल्यात ठावं हाय ना? तू मुसलमान.”

“बांगड्या भरायच्यात गोजरे, निकाह न्हाई लावायचा,” ती म्हनली आन ओझं उचललं. मंग मीबी गेले. येकटीला कसं सोडायचं?

पन तितं कुनी वाकडं बोललं न्हाई. तिनं तोंड उघडलं की त्या बायका रडायच्या आन हात फुडं करायच्या. सकाळभर काम झालं. शेवटी विजयमालाबाईंनी बराकीच्या टोकाला भिताडाकडं तोंड करून बसलेली येक बाई दावली. म्हनल्या, ही कुनासंगं बोलत न्हाई. हिची भाषा पंजाब्याला कळत न्हाई, सिंध्याला कळत न्हाई. कुठल्या ठेसनात गाडीत चढली तेबी कुनाला ठावं न्हाई. सगळे तिला मुकी म्हनायचे.

इमामबी तिच्याफुडं बसली आन तिचा हात हातात घेतला. मी बघत हुते. हात कसला, वाळलेलं लाकूड. इमामबी येक बोली बोलली, दुसरी बोलली. तिला ठावं हुत्या तेवढ्या सगळ्या बोलल्या असतील. मुकीनं मान वळवली न्हाई. मंग इमामबी गप बसली आन डोळे मिटून नुसता हात चेपत ऱ्हायली. बराकीत बायका बोलत हुत्या, पोरं खेळत हुती, आन मला येकदम वाटलं की कुनाचाच आवाज येत न्हाई.

इमामबीच्या तोंडातनं आवाज आला. चार-पाच वरसांच्या पोरीचा आवाज. खरंच सांगते, मी मागं वळून बघितलं, कुनाची पोर आली म्हनून. मागं कुनी न्हवतं. ती बोली मी जल्मात ऐकली न्हवती, आन इमामबीनंबी ऐकली नसनार. मुकीनं तोंड वळवलं. लई येळ ती इमामबीकडं बघत ऱ्हायली आन मंग त्याच बोलीत बोलली. तिचा हात सैल पडलेला मला दिसला. बांगड्या येकामागं येक चढल्या, आधी या हातात, मंग त्या हातात.

आता हितं इमामबीच्या घरातली येक चाल सांगितली पायजे, न्हाईतर फुडचं कळनार न्हाई. तिच्या सासूनं तिला शिकवलं हुतं की मनियारनीनं धरलेला हात आपन हून सोडायचा न्हाई. सवाष्णीचा हात आपन झिडकारला असं हुतं. बांगड्या भरून झाल्या की ती बाई सोता हात काढून घेती, बांगड्यांना नमस्कार करती, तवा मनियारीन मोकळी. इमामबीनं ह्ये जल्मभर पाळलं.

मुकीनं हात काढला न्हाई.

दुपार झाली, ऊन कललं. त्या दोगी येकमेकींचे हात धरून बोलत हुत्या. पोरीचा आवाज आन आईचा आवाज. मधीच पोर हसायची, मधीच कुरकुर करायची. मी म्हनलं, “इमामबी, ऊठ आता, घरी बानू वाट बघत असंल.” तिनं माझ्याकडं बघितलं. वीस वरसं माझ्यासंगं उन्हातान्हात चाललेली बाई, तिनं माझ्याकडं बघितलं आन भिऊन मुकीच्या पदराआड तोंड लपवलं. मी हात सोडवायला गेले तर बारक्या पोरीसारखा टाहो फोडला.

विजयमालाबाईंनी मानूस धाडून बानूला आनलं. बानू बराकीच्या दारात उभी ऱ्हायली आन म्हनली, “अम्मी, घर आया.” परत म्हनली. किती येळा म्हनली असंल. शेवटी तिचा आवाज बसला. इमामबी मुकीच्या मांडीला बिलगून तिच्याकडं बघत हुती. मंग तिनं मुकीला हळूच काय तरी इचारलं. भाषा आली नसती तरी कळत हुतं. ही कोन, असंच इचारलं असनार.

इमामबीला येकटीला घरी न्यावं तर ती चालायची न्हाई. म्हनून मुकीला संगं आनली. डाक्टर झाला, दर्ग्याचा मुजावर झाला, मढीला कानिफनाथाच्या पायाशी नेऊन झालं. डाक्टर म्हनला, मनाला धक्का बसलाय. मी म्हनलं, कसला धक्का? तिचं कोन मेलं? मुजावरानं दोगींच्या तोंडाकडं बघितलं आन ताईत न बांधताच उठला.

गावात काय काय बोलत हुते. बायका पोरींना त्या दारावरनं जाऊ दित न्हवत्या. मला मुकीचा लई राग यायचा. रोज सकाळी ती इमामबीच्या पिकल्या केसांच्या दोन बारक्या वेन्या घालायची, तिला मांडीवर घिऊन भात भरवायची. मी म्हनायचे, हिला डोळे हायत का फुटले? चाळिशीची बाई हिला लेक दिसती? आन आगगाडीची शिट्टी झाली की इमामबी धावत यिऊन मुकीच्या दंडाला धरायची आन येकच काय तरी म्हनत ऱ्हायची, गाडी लांब जाईपत्तूर. मुकीच्या लेकीचा हात तर इमामबीनं कवा धरलाच न्हवता. मंग ह्ये आलं कुठनं? मला वाटतं, आईच्या हातात लेकीचा हात ऱ्हात असंल. दुसरं काय सांगू?

बानूनं रडनं सोडलं. येक दिस ती मला म्हनली, “मावशी, मी ती बोली शिकनार.”

मी म्हनलं, “खुळी का काय? आई गेली तेवढं पुरं न्हाई?”

“मी अम्मीवानी न्हाई शिकनार. मी पाठ करनार.”

बानूला आईचं काय बी आलं न्हवतं. धड मराठी बोलायला तिला दहा वरसं लागली, तीबी अडखळत. पन पोर चिवट. हात न धरता, मुकीच्या समोर दोन हात लांब बसायची. पानी दावायची, इचारायची, घोकायची. मीठ, आग, भाकर, शेळी. जातं वढताना घोकायची, शेन्या थापताना घोकायची. आज पाठ झालेलं उद्या इसरायची, परत इचारायची. मुकी कवा हसायची, कवा चिडायची. सगळा पावसाळा असा गेला. आखाडात घोकाय लागलेली पोर दसऱ्याला थोडं थोडं बोलाय लागली. तिला ती बोली येत हुती, पन आवाज तिचा सोताचाच ऱ्हायला, याचं मला बरं वाटायचं.

येकदा गाडी गेली आन बानू माझ्याकडं पळत आली. तोंड पांढरं पडलेलं. म्हनली, “मावशी, अम्मी शिट्टी झाली की काय म्हनती ते आज कळलं.”

“काय म्हनती?”

“माझा हात सोडू नगं म्हनती.”

त्या गाडीत मुकीच्या हातातनं लेकीचा हात कसा सुटला असंल ते मला कळलं, आन मुकी हात का काढत न्हवती तेबी कळलं. बानूनं तिला इचारलं हुतं, ही तुझी लेक न्हाई, तुला दिसत न्हाई का? मुकी म्हनली हुती, दिसतं. पन आई म्हनून हाक तर मारती. त्या दिसापासून मला तिच्यावर नीट रागावताबी येईना.

दिवाळीच्या आधी बानूनं ठरवलं. वाक्य लई दिस पाठ करत हुती. मला म्हनली, “मावशी, तुमी संगं बसा.” सकाळचं ऊन अंगनात आलं हुतं. इमामबी लिंबाखाली मातीत बोटानं रेघा वढत हुती, मुकी तांदूळ निवडत हुती. बानू आईच्या फुडं जाऊन बसली आन त्या बोलीत बोलली. अडखळत बोलली, येक शबुद परत म्हनला, पन बोलली. इमामबीनं रेघा वढायचं थांबवलं. पैल्यांदा तिनं बानूकडं न भिता बघितलं. मला वाटलं, आता येती. आता म्हनंल, हौ बेटा. माझं सगळं ध्यान तिच्या तोंडाकडं हुतं.

ती बोलली. त्याच पोरीच्या आवाजात, लई मायेनं बोलली. आन मातीनं माखलेला हात बानूच्या गालावरनं फिरवला. मुकीनं तांदूळ बाजूला ठिवलं आन दुसरीकडं बघाय लागली.

बानू उठून घरात गेली. मी मागं गेले. ती चुलीफुडं बसून पीठ मळत हुती.

“काय म्हनलीस तिला?” मी इचारलं.

“म्हनलं, मी बानू. तू माझी आई हायेस.”

“मंग?”

“ती म्हनली, माझी आई तर ही बसलीया. तुझी आई हरवली का? रडू नगं. माझ्या आईला आई म्हन.”

मी पदरानं डोळे पुसले. बानू रडली न्हाई. तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली. भाकर चांगली फुगली.

महिन्याभरानं शेवगावहून अलीमचा बाप पीरमहंमद आला. भला मानूस. त्याच्या कानावर गावातलं सगळं गेलं हुतं, तरी सोयरीक मोडायला आला न्हवता, बघायला आला हुता. बाजेवर बसला, मी च्या दिला. अंगनात मुकी इमामबीच्या वेन्या घालत हुती. त्यानं तिकडं बघितलं, मंग बानूला हळूच इचारलं, “बेटा, लगीन झाल्यावर तुझ्यासंगं कोन कोन येनार?”

बानू खाली बघत म्हनली, “आई येनार. आन माझी धाकटी बहीन येनार.”